पहिल्या निवडणुकीचे दफ्तर

हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत शरद ऋतू सरताच हिमवर्षावास आरंभ होतो, घाट बंद होतात आणि पुढे कित्येक महिने तेथील गावांचा शेष जगाशी संबंध तुटतो; या एका भौगोलिक कारणास्तव स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे पहिले मतदान दिल्ली, मुंबई वा कलकत्ता येथे न होता २५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्या दुर्गम तहसिलीत झाले, आणि बहुतेक देशाचे मतदान पुढील जानेवारी-फेब्रुवारीत व्हावयाचे असल्यामुळे, देशात सर्वांच्या आधी कौल देणाऱ्या त्या पहाडी मतदारांना निकालासाठी मात्र दीर्घकाळ तिष्ठत बसावे लागले. या निवडणुकीचा इतिहास सांगताना लेखक बहुधा पंडित नेहरूंच्या झंझावाती दौऱ्यांचे आणि अफाट सभांचे वर्णन करतात. ते वर्णन खोटे नाही; परंतु सभा कितीही प्रचंड झाली तरी तीतून मतदारयादी निर्माण होत नाही, आणि ही निवडणूक घडली ती मुख्यतः कारकुनांच्या दफ्तरात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवडणूक ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे सर्वस्वी अपरिचित होती असे नाही. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले होते. पण त्यांना निवडणारे मध्य विभागातील स्थानिक बोर्डांचे सभासद होते, रयत नव्हती. पुढे १९१९ व १९३५ च्या कायद्यांनी मतदारांचे वर्तुळ विस्तारले, तरी शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांपैकी कोणता तरी दाखला पदरी असल्याशिवाय त्या वर्तुळात प्रवेश नव्हता, आणि मतदारसंघांची धर्मवार वाटणी कायमच होती. सायमन कमिशनाच्या वेळी मुंबई इलाख्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मताधिकार असावा अशी निःसंदिग्ध मागणी केली, तेव्हा निरक्षरांच्या हाती मत देणे हा अविचार होय, असे मानणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींची या देशात वाण नव्हती. वीस वर्षांनी घटनेच्या ३२६ व्या कलमाने तीच मागणी देशाचा मूलभूत कायदा झाली.

कलम लिहिणे आणि त्याचा अंमल बसविणे यांत मात्र महदंतर असते. घटना संमत होण्यापूर्वीच, १९४८ साली, घटना समितीच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या याद्यांचे काम प्रांतोप्रांती सुरू करविले होते. जमाबंदी, पीकपाहणी आणि शिरगणती यांत मुरलेल्या त्या जुन्या सरकारी यंत्रणेने आजवर रयतेची नोंद केली होती ती वसुलीसाठी किंवा मोजदादीसाठी. आता तिला दारोदार फिरून, ज्याच्या नावावर बिघाभरही जमीन नाही अशा मजुराचे नाव राज्याचा धनी म्हणून लिहावयाचे होते. त्यातच फाळणीने निर्वासित झालेल्या लक्षावधी लोकांचा प्रश्न उभा राहिला. यादीत येण्यासाठी ठरावीक मुदतीचे वास्तव्य आवश्यक, आणि निर्वासितांना तर कालचे घर नाही व उद्याचे ठाऊक नाही. अखेरीस, येथेच कायम राहण्याचा आपला इरादा आहे एवढे निवेदन केल्यावर त्यांची नावे दाखल करण्याची मुभा देण्यात आली. सरकारी दफ्तरातून असा उदार हुकूम क्वचितच निघतो.

१९५० च्या मार्च महिन्यात पश्चिम बंगालचे मुख्य सचिव सुकुमार सेन यांची मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ सनदी नोकर खरे, पण मूळचे गणिती. लंडन विद्यापीठात त्यांनी गणितात सुवर्णपदक मिळविले होते. नेहरूंना निवडणूक १९५१ च्या वसंतातच व्हावी अशी घाई होती. सेनांनी थोडा धीर धरावयास सांगितले, आणि पंतप्रधानांनी तो धरला, हे त्या दोघांनाही भूषणावह आहे. याद्या टंकलिखित करून त्या मतदारसंघवार लावण्यासाठी सहा महिन्यांच्या कराराने १६,५०० कारकून नेमावे लागले, आणि जम्मू-काश्मीर वगळता १७ कोटी ३२ लाखांवर मतदारांची नोंद झाली. त्यांतील सुमारे पंच्याऐंशी टक्के निरक्षर होते.

या याद्यांच्या फेरतपासणीत एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. आपल्याकडे पतीचे नाव घेण्याचा संकोच एवढा की त्यासाठी उखाण्याची सोय करावी लागली. उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी परक्या कारकुनासमोर स्वतःचेच नाव सांगण्याचे नाकारले, आणि यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. सेनांनी मुदत वाढवून दिली, समजूत घालण्याचे प्रयत्न करविले, परंतु नाव नाही तर नोंद नाही हा नियम ढिला केला नाही. परिणामी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे गळाली. या निर्णयावर तेव्हा टीका झाली. इतक्या नागरिकांचा हक्क एका निवडणुकीपुरता बुडाला ही गोष्ट लहान नव्हे, आणि नेमक्या त्यांचाच बुडाला ज्यांना घरातही बोलण्याचा हक्क नव्हता, हे अधिकच बोचते. तरीही सेनांचा निर्णय मला योग्यच वाटतो. राज्याने स्त्रीला एकदा कोणाची तरी बायको म्हणून मत दिले असते, तर ते मत तिचे की त्या कोणाचे, हा वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला असता.

निरक्षराने मत द्यावयाचे कसे, याचा तोडगा साधा होता. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पोलादी पेटी, तीवर त्याचे चिन्ह. मतदाराने पत्रिकेवर काहीही खूण न करता, आडोशाच्या आत जाऊन ती हव्या त्या पेटीत टाकावी. काँग्रेसची जू असलेली बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचा विळा व कणीस, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, अशी सारी चिन्हे शेताशिवारातली आणि घरादारातली होती. एक रुपयाच्या नोटेएवढ्या मतपत्रिका आमच्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या, आणि देशभरच्या सुमारे वीस लाख पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात घडविल्या गेल्या. बोटाला लावावयाची न पुसणारी शाई हीदेखील याच निवडणुकीची देणगी. पद्धत सदोष नव्हतीच असे नाही: आडोशाआड गेलेला मतदार आपली पत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता, आणि बाहेर तिचे गिऱ्हाईक उभे असू शकत होते. म्हणून पुढे एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती रूढ झाली.

निकालांत काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. मते मात्र शेकडा पंचेचाळीस. सर्वांत अधिक मते मिळविणारा विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, या नियमाचा हा अटळ परिणाम असून त्यावरील वाद आजतागायत मिटलेला नाही. त्या काळी काही मतदारसंघांतून दोन प्रतिनिधी निवडले जात, एक सर्वसाधारण व एक राखीव. उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात राखीव जागेवर आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे पंधरा हजार मतांनी पराभव केला. हजारो मते बाद झाल्यामुळे या निकालाविरुद्ध निवडणूक अर्जही दाखल झाला, पण निकाल फिरला नाही. प्रौढ मताधिकाराचा ज्यांनी एवढ्या आधी आग्रह धरला त्यांच्याच वाट्याला त्या मताधिकाराचा हा कौल आला. काव्यगत न्याय म्हणून त्यावर लिहिणाऱ्यांची मला चीड येते. आंबेडकरांनी मागितला होता तो सर्वांचा हक्क, स्वतःचा विजय नव्हे.

सुकुमार सेनांना १९५३ साली सुदानने आपली निवडणूक पार पाडण्यासाठी बोलावून घेतले. १९५७ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूकही त्यांच्याच हातून झाली, आणि पहिल्या वेळच्या पेट्या त्यांनी जपून ठेवविल्या असल्यामुळे तिचा खर्च साडेचार कोटींनी कमी आला. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. पहिल्या निवडणुकीचा अधिकृत अहवाल मात्र १९५५ साली प्रसिद्ध झालेला आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नेत्यांची चरित्रे थोडी बाजूस ठेवून तो रूक्ष, आकड्यांनी भरलेला ग्रंथ एकदा साद्यंत वाचावा.