दात काढले की हृदय वाचतं का?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'सगळे दात काढून कवळी बसवणे'. अर्ज करणाऱ्या काकू अजून पन्नाशीच्याही नाहीत. हिरड्यांतून रक्त येतं, दोन दाढा हलतात, बाकीचे दात घट्ट. पण त्यांना बीपी आहे, आणि कुणीतरी सांगितलं, दातातला पू रक्तात जाऊन हृदय बिघडवतो, तेव्हा सगळे काढूनच टाका. आम्ही अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला आणि माहिती काढायला बसलो.

तर ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी निघाली. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी 1900 साली लिहिलं की तोंडातली घाण अनेक आजारांचं मूळ आहे. 1910 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे भाषण करताना त्यांनी दंतवैद्यांवर टीका केली, की सोन्याच्या टोप्या घालता आणि खाली पू साचू देता. त्यांचा मुद्दा स्वच्छतेचा होता. पण पुढे लाटच आली. सांधे दुखतात? काढा दात. थकवा आहे? काढा दात. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाच्या डॉक्टरांनी वेड बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, मग आतड्याचे भागही कापले. कित्येक रुग्ण त्यात दगावले. त्यांना कुणी विचारलं असेल का, असं वाचताना सारखं मनात येत होतं.

दात काढूनही संधिवात हटत नाही, हे 1930 नंतर दिसू लागलं आणि लाट ओसरली. मग डॉक्टर मंडळी उलट्या टोकाला गेली. तोंडाचा आणि बाकीच्या शरीराचा जणू संबंधच नाही!

त्याच 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तोच सीआरपी. करोनात घरोघरी रिपोर्टवर आपण हे नाव वाचलं आहे. शरीरात कुठेही सूज असली की यकृत हा पदार्थ जास्त तयार करतं. म्हणजे कुठेतरी धुमसतंय एवढं तो सांगतो, कुठे ते सांगत नाही.

फिनलंडमध्ये 1989 साली हार्ट अटॅक आलेल्या 100 जणांचे दात इतर 102 जणांच्या दातांशी ताडून पाहिले. अटॅकवाल्यांचे दात जास्त खराब होते. 1997 साली अमेरिकेत पॉल रिडकर यांनी दाखवलं, की वरवर धडधाकट पुरुषांमध्येही ज्यांचं सीआरपी जास्त, त्यांना पुढे अटॅकचा धोका जास्त. हिरड्या खूप सुजलेल्यांचं सीआरपी वाढलेलं असतं, हेही दिसत होतं. धागा जुळल्यासारखा वाटला.

मग 2007 साली हिरड्यांचा आजार बळावलेल्या 120 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींची कसून सफाई केली, बाकीच्यांची नेहमीसारखी. कसून सफाई झालेल्यांचं सीआरपी दुसऱ्या दिवशी चक्क वाढलं! पण सहा महिन्यांनी त्यांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या पसरत होत्या. त्यातून अटॅक टळले का, हे मात्र त्या प्रयोगात मोजलं नव्हतं. 2012 साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं म्हटलं, की संबंध दिसतो, पण हिरड्यांवर उपचार केल्यानं हृदयविकार टळतो असा पुरावा नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे नुकसान करतात, त्यामुळे कशामुळे काय झालं हे वेगळं काढणं अवघड जातं.

हे सगळं आम्ही काकूंना बैठकीत वाचून दाखवलं. हिरड्यांवर उपचार हवेतच, पण ते दात टिकावेत म्हणून, आणि बीपीची गोळी बंद करायची नाही, हेही सांगितलं. दोघीजणी त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेल्या. हलणाऱ्या दोन दाढा काढल्या, बाकीच्या दातांचं कीटण साफ केलं. अर्ज काकूंनी स्वतःच मागे घेतला.

मशेरीचा डबा मात्र अजून चुलीजवळच आहे. तो एकट्या काकूंकडेच नाही, आमच्या गटात निम्म्या घरांत आहे. पुढच्या बैठकीत विषय तोच ठेवला आहे.