हात लावू देणारी कला आणि नाशिकचा ताबूत

कलादालनात शिरले की 'हात लावू नये' ही पाटी आधी दिसते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगातल्या काही कलावंतांनी ती काढून टाकली. ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांनी १९६० च्या सुमारास बिजागऱ्या लावलेली धातूची शिल्पे केली. ती पाहणाऱ्याने स्वतः उलगडायची, दुमडायची. अमेरिकेत फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांनी १९९१ मध्ये, एड्सने गेलेल्या जोडीदाराच्या आठवणीत, सुमारे ७९ किलो गोळ्यांचा ढीग मांडला. येणाऱ्याने त्यातली एखादी गोळी उचलून न्यायची. दुःख असे वाटून घेता येते, हे त्यामागचे म्हणणे.

हे सारे आधुनिक कलेच्या इतिहासात नोंदले गेले. माझा प्रश्न असा की, याच इतिहासात ताबुताला जागा का नाही?

नाशिकला सारडा सर्कलजवळच्या इमामशाहीत मोहर्रममध्ये हालोंचा ताबूत बसतो. हालो म्हणजे आपले अळीव. ताबुताच्या सांगाड्यावर कापूस लावून त्यावर अळीव पेरतात आणि पाणी देत राहतात. भिजल्यावर अळिवाला चिकट बुळबुळीतपणा येतो. त्यामुळे मातीशिवायही दाणा कापसाला धरून राहतो आणि थोड्या दिवसांत अंकुरतो. आशुऱ्यापर्यंत ताबूत हिरवागार होतो. हिजरी ६१, म्हणजे इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसैन आणि त्यांचे सोबती तहानलेले मारले गेले. त्यांची आठवण पाणी घालून वाढवलेल्या हिरवाईने व्हावी, यातला अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही. या ताबुताला हिंदू बांधवही खांदा देतात. खांदा मिळाल्याशिवाय ही कलाकृती पूर्णच होत नाही.

महाराष्ट्रात हे नवल नव्हते. पुण्यातही हिंदू मोठ्या संख्येने मोहर्रममध्ये सामील होत, ताबूत बसवत. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर चित्र पालटले. १८९४ मध्ये पुण्यातल्या पुष्कळ हिंदूंनी मोहर्रमकडे पाठ फिरवली, आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाने आकार घेतला. ताबुताखालचे कितीतरी हात तेव्हा निघून गेले.

हात कुणाचा लागावा, यावर नाशिकने मोठा झगडाही पाहिला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या रामनवमीला रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढावा अशी तडजोड झाली होती. पण सनातन्यांनी रथ पुढे पळवला आणि दगडफेक झाली. दोराला हात लागणे म्हणजे बरोबरीचे होणे, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

ताबुताला विरोध आपल्यातही आहे. तो दीनमध्ये बसत नाही, असे अनेक आलिम सांगतात. तो वाद त्यांनी धर्माच्या अंगाने जरूर करावा. मी इथे इतिहासाच्या अंगाने बोलतो आहे. दुसऱ्याच्या दुःखाला खांदा द्यायची जागा या शहराने राखली, ही गोष्ट साधी नाही. मूर्तीची वा ताबुताची मोडतोड झाली, तर दुरुस्ती होते. खांदा द्यायला येणारा शेजारी एकदा यायचा थांबला, की त्याला परत आणायला पिढ्या जातात.