एक तिकीट जास्तीचं आहे

आमच्या घराण्यात आजवर कुणीही आपणहून नाटकाला किंवा गाण्याला गेलेला नाही. आम्हाला नेण्यात आलेलं आहे. कुणाचा तरी मेव्हणा ऐन वेळी तापाने फणफणतो, कुणाच्या साहेबाची बदली होते, कुणाचं जमत आलेलं लग्न फिसकटतं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास एक इसम आमच्या टेबलाशी येऊन म्हणतो, "एक तिकीट जास्तीचं आहे. येताय का?" या शहरात नवं म्हणून जे जे आमच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, ते या सहा शब्दांच्या जोरावर.

मी बँकेत कारकून आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. सबब, इतिहास हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो. इतिहास मी खतावणीसारखा वाचतो. पैसे कुणी दिले, कुणाच्या नावे पडले आणि वर्षअखेरीस शिल्लक काय राहिली, एवढंच बघतो. पण या पद्धतीने आपल्या नाटकाचा न् गाण्याचा इतिहास वाचून बघा, फार गंमत येते.

आता हेच पाहा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. हे शाळेत पाठ केलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की तो खेळ श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने झाला. म्हणजे पहिल्या मराठी प्रेक्षकाने खिशात हात घातलाच नाही! तिकिटाशिवाय नाटक बघण्याची आमची जी परंपरा आहे, ती इतकी जुनी आणि राजमान्य आहे.

परंतु आश्रय हे एक प्रकारचं ओव्हरड्राफ्ट खातं असतं. मालक आहे तोवर ठीक. १८५१ साली श्रीमंत वारले आणि खातं बंद झालं. मग भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले, ते १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात येऊन पोचले. हे थिएटर १८४६ पासून उभं होतं. जगन्नाथ शंकरशेटांचा त्यात मोठा हात होता. तिथे तिकीट होतं. माझ्या मते खरी क्रांती सांगलीला नव्हे, या तिकिटाच्या खिडकीपाशी झाली. राजाने दाखवलेलं नाटक आवडलं नाही म्हणायची सोय नसते. स्वतः पैसे मोजलेल्या माणसाला मात्र मध्यंतरात बटाटेवडा खाताखाता "काही दम नाही हो" असं म्हणण्याचा जन्मसिद्ध हक्क प्राप्त होतो. (१८५३ मध्ये मध्यंतरात काय खात असत, ते मला ठाऊक नाही. वडा माझ्या पदरचा.) त्याच साली पारशी मंडळींनीही मुंबईत आपली नाटकं सुरू केली. म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरं दुकानही मिळालं.

या पारशी दुकानात पुढे आमच्याच जातीचा एक मनुष्य शिरला. जात म्हणजे कारकुनाची. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीला होते. १८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळींचा 'इंदरसभा' हा गाण्यांनी भरलेला खेळ पाहिला आणि आपल्याकडे असं का नसावं, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला, असं सांगतात. त्यांना जास्तीचं तिकीट कुणी दिलं, याचा उल्लेख कुठेच नाही. पण एक कारकून दुसऱ्याला ओळखतो. कुणीतरी दिलंच असणार! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले. तोवरच्या नाटकांत गाण्याचं काम प्रामुख्याने सूत्रधाराकडे असे. इथे पात्रं स्वतः गाऊ लागली. पुण्यातल्या जुन्या मंडळींनी त्या रात्री घरी जाताना काय म्हटलं असेल, ते मला अगदी ऐकू येतं. "काय हो, दुष्यंतासारखा राजा, आणि स्वतः गातो? माणसं ठेवली नाहीत का त्याने?"

पुढची चाळीस वर्षं मी एका दमात ओलांडतो, कारण संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाबद्दल आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय, की त्यात भर घालणं म्हणजे भरलेल्या लोकलला लटकणं. फक्त एका तारखेपाशी थांबतो. ८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या, त्याही टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. त्या खेळाला माझे पणजोबा हजर होते, असं आमच्याकडे सांगतात. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याचेही पणजोबा होते. आमच्या शाखेतल्या सात मराठी माणसांपैकी पाच जणांचे पणजोबा त्या रात्री बालीवालात बसलेले होते. हेच प्रमाण महाराष्ट्रभर धरलं, तर तो प्रयोग थिएटरात नव्हे, चौपाटीवर झाला असला पाहिजे.

मग १९३१ साली बोलपट आला आणि पुष्कळ नाटक कंपन्यांची खाती एनपीए झाली. तो दुःखद भाग सगळ्यांना माहीत आहे.

मला खरी मजा वाटते ती गिरगावातल्या गाण्यांची. आमचे आजोबा गिरगावात दोन खोल्यांच्या चाळीत राहत. गणेशोत्सवात कुठे ना कुठे रात्रभर गाणं चाललेलं असे. आत जागा मिळणारे थोडे, फुटपाथवर वर्तमानपत्र पसरून ऐकणारे फार. आजोबा दुसऱ्या वर्गातले. संगीत म्हणजे फुटपाथ गार असताना जे ऐकतात ते, अशी त्यांची व्याख्या होती. १९३६ साली लॅमिंग्टन रोडजवळच्या जिना हॉलमध्ये प्रोफेसर देवधरांनी एक संगीत परिषद भरवली. तीत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला आणि मोठमोठे गवई थक्क झाले. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. आजोबांना त्या दिवशी ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट देऊ केलं होतं. आजोबा म्हणाले, "पोराचं गाणं काय ऐकायचं?" आणि घरी येऊन जेवले. आमच्या घराण्यातली ही एकमेव विश्वसनीय आठवण आहे, कारण न पाहिलेल्या कार्यक्रमाबद्दल माणूस खोटं कशाला बोलेल? हे दुःख आजोबांनी पुढची चाळीस वर्षं जपलं. त्या दिवशी जेवायला काय होतं, ते त्यांना मरेपर्यंत आठवत होतं. पडवळाची भाजी.

त्याच तिशीच्या दशकात तिकडे ताजमहाल हॉटेलात जॅझ सुरू झालं होतं. गिरगावापासून हे अंतर ट्रामने फार नव्हतं. पण आमच्यापैकी कुणाला तिथलं तिकीट जास्तीचं झाल्याचं ऐकिवात नाही. परदेशी वादक होते, गोव्याचे होते. आंतोनियु झेवियर वाझ नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला 'चिक चॉकलेट' या नावाने गाजत होता. मग हे संगीत चाळीत पोचलं कसं? पोचलं १९५१ साली, 'अलबेला'तून. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या चितळकरांचं. नाचायला आपले भगवानदादा. आणि बँडमध्ये हा चिक चॉकलेट. ताजच्या दारावरून आत न गेलेली माणसं पिटात बसून त्या ठेक्यावर नाचली. कोट न घालता जॅझ ऐकायची ही सोय चितळकरांनी केली, याबद्दल त्यांचा एखादा पुतळा दादरला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

उलटही घडतं. १९६५ साली वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, दादा कोंडक्यांनी धमाल उडवली, आणि पांढरपेशा मुंबईला लोकनाट्याचा 'शोध' लागला. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांना हा शोध कित्येक वर्षं आधी लागलेला होता. पण त्यांनी तो वर्तमानपत्रात छापला नव्हता. आपण मध्यमवर्गीय जेव्हा 'काहीतरी नवीन पाहिलं' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते आपल्यालाच नवीन असतं.

आता अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे येतो. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांना जागा करून दिली. अण्णा तेव्हा सव्वीस वर्षांचे, एका सरकारी खात्यात चिकटलेले. कुणीतरी जास्तीचं तिकीट दिलं म्हणून गेले. पडदा नाही, समोर तीन माणसं, त्यातला एक पाठमोरा. अण्णांना काही कळलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. पुन्हा कळलं नाही. "मग जात का होतात?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अरे, कळत नव्हतं म्हणूनच. ऑफिसात सगळं कळायचं."

पुढे आम्ही डोंबिवलीला आलो, आणि मला समजायला लागल्यापासून अण्णा महिन्यातून एकदा संध्याकाळी चपला घालताघालता म्हणत, "ऑफिसातला एक जण गळलाय. तिकीट जास्तीचं आहे, चल." शिवाजी मंदिर, साहित्य संघ, एकदा तर थेट जुहूचं पृथ्वी. परत येताना शेवटची लोकल. मी त्यांच्या खांद्यावर झोपलेला, आणि ते कुठल्या नटाची कुठली जागा चुकली ते मला सांगतायत. अण्णांच्या ऑफिसात माणसं इतक्या नियमितपणे कशी गळतात, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांचा बँकेत फोन आला. नोटाबंदी नुकतीच झालेली. बाहेर रांग रस्त्यापर्यंत, आत आम्ही नोटा मोजून मोजून बोटांचे ठसे गमावून बसलेले. अण्णा म्हणाले, "रविवारी सकाळी गाणं आहे. एक तिकीट जास्तीचं आहे. येतोस?" मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही पेपर वाचता ना? रविवारीसुद्धा बँक चालू आहे!" ते म्हणाले, "बरं, बरं." ते निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, मग हा ऑफिसातला कोण गळला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या दिवाळीत अण्णा गेले. त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. पस्तीस वर्षांच्या, दर महिन्याची जमा-खर्चाची बेरीज जुळलेली. मी धंद्याच्या सवयीने चाळत बसलो. दूध, वाणी, पास, फी. आणि दर महिन्यात एक नोंद: 'नाटक, तिकिटे २'. 'गाणे, तिकिटे २'. दोन. प्रत्येक वेळी दोन, खिडकीवर रोख पैसे देऊन काढलेली. जमेच्या बाजूला ऑफिसातल्या कुणाकडून काही आल्याची एकही नोंद नाही. नोव्हेंबर २०१६ च्या पानावर 'गाणे, तिकिटे २' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'पैकी १ वाया'.

पस्तीस वर्षांच्या हिशेबात मला सापडलेली वाया गेल्याची ही एकच नोंद.

गेल्या महिन्यात मी संध्याकाळी मोबाइलवर कुठलंसं जुनं नाटक दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत बघत सोफ्यावर पडलो होतो. आमची कन्या आली. (मी अण्णांना अहो-जाहो करत असे, ती मला अरे-तुरे करते. आपण काय बोलणार?) म्हणाली, "बाबा, शनिवारी अंधेरीला स्टँड-अप आहे, मराठीत. मैत्रीण नाही येतेय. एक तिकीट एक्स्ट्रा आहे. येतोस?"

माझ्या तोंडात "हे काय, एक माणूस माइक धरून उभा राहतो, त्याला काय नाटक म्हणायचं?" हे वाक्य तयार होतं. ते दुष्यंताबद्दल कुरकुरणाऱ्या पुणेकराचं होतं, का पडवळ खाणाऱ्या आजोबांचं, कोण जाणे. मी ते गिळलं.

जाताना लोकलमध्ये मी तिला समजावून सांगितलं, की हे काही अमेरिकेतून आलेलं नाही. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच उभा राहून पूर्वरंगात शास्त्र आणि उत्तररंगात गोष्ट सांगत तासन् तास सभा हसवत-रडवत असे. १९६१ साली पु. ल. देशपांडे एकटेच सबंध 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर उभी करू लागले होते. ठाण्यापर्यंत तिने ऐकलं. मग तिने एका कानात बोंडूक घातलं. दुसरा कान माझ्यासाठी मोकळा ठेवला, हे नमूद करतो.

जागा म्हणजे एक लांबोडकी खोली. दिवसा तिथे कॉफी विकत असावेत. कॉफीची किंमत बघून मी पाणी मागितलं. त्याचीही किंमत होती. सरासरी वय सव्वीस, माझं धरून सत्तावीस. तिशीचा एक मुलगा माइक घेऊन आला आणि पहिल्याच मिनिटाला माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही काय करता?"

"बँकेत आहे," मी म्हणालो.

सगळी खोली हसली. मी अजून विनोद केलाच नव्हता! पुढची पाच मिनिटं त्याने पासबुक छापायचं मशीन, दोरीने बांधलेलं पेन आणि 'सर्व्हर डाउन आहे' या तीन गोष्टींवर जे काही केलं, ते पाहून मला दोन गोष्टी कळल्या. एक, या पोराचं खातं आमच्या शाखेत असावं. दोन, तो चांगला होता. काही विनोद मला कळले नाहीत, दोन-तीन शब्द तर असे होते, की मी छताकडे पाहिलं. पण मधेच तो आपल्या आईच्या डब्याबद्दल बोलायला लागला आणि एका वाक्याला आवाज खाली आणून थांबला. सगळी खोली त्याच्याबरोबर थांबली. ती जागा अण्णांनी मला नक्की उठवून सांगितली असती.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मी सहज विचारलं, "ती मैत्रीण कोण गं, न आलेली?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आहे रे एक. ऑफिसातली."

मी पुढे विचारलं नाही. दिवा गेल्यावर तिने कानातलं बोंडूक काढलं आणि म्हणाली, "ते उत्तररंगाचं काय म्हणत होतास मगाशी?"