अनवाणी धावणे
बुटांशिवाय किंवा पातळ, सपाट तळाचे बूट घालून धावण्याची पद्धत. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील मॅरेथॉन अनवाणी जिंकली. १९६४ मध्ये टोकियोत मात्र ते बूट घालून जिंकले. क्रिस्तोफर मॅक्डूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ (२००९) या पुस्तकाने आणि हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांच्या २०१० मधील संशोधनाने या पद्धतीची लाट आणली. जाड बुटांत धावक बहुधा टाचेवर उतरतो, अनवाणी सरावलेला बहुधा चवड्यावर. त्यामुळे टाचेचा हादरा टळतो, पण भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर जातो. घाई करणाऱ्यांची पोटरी आखडते, कंडरा सुजते, पावलाच्या हाडांना बारीक तडेही जातात. म्हणून आधी घरात अनवाणी वावर, मग चालणे, नंतर नेहमीच्या धावण्यात काही मिनिटे, असा हा बदल काही महिने चालतो. पावले आखूड व जलद ठेवतात. शिकायला वाळूपेक्षा स्वच्छ, टणक रस्ता बरा. मऊ वाळूत चुकीचे उतरणे लक्षातच येत नाही. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना मंदावलेल्यांनी अनवाणी धावू नये.