मुंबई विद्यापीठातील कुलगुरूंची खुर्ची



आपल्या वसईच्या किल्ल्यात फिरताना जेझुइट पाद्र्यांच्या महाविद्यालयाचे अवशेष आपण सर्वांनीच पाहिले आहेत. अमेरिकेतले सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून ज्याचा लौकिक आहे ते हार्वर्ड १६३६ साली स्थापन झाले, त्या वेळी वसईचे हे महाविद्यालय अगोदरच उभे होते. पुढे १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज अमदानीबरोबर ती संस्थाही गेली. हार्वर्ड मात्र राहिले, वाढले आणि जगभर मान्यता पावले. ते का वाढले याला कारणे पुष्कळ आहेत. पैका आहे, देशाची भरभराट आहे. परंतु त्यांतले एक कारण आज मला आपल्यापुढे ठेवायचे आहे, कारण त्याचा संबंध आपल्या मुलाबाळांच्या पदव्या ज्या विद्यापीठातून येतात त्या मुंबई विद्यापीठाशी आहे.

हार्वर्डच्या प्रमुखाला तिकडे अध्यक्ष म्हणतात. १८६९ साली चार्ल्स एलियट नावाचा रसायनशास्त्राचा एक ३५ वर्षांचा प्राध्यापक त्या पदावर बसला आणि १९०९ साली उतरला. चाळीस वर्षे! त्याच्यामागून लॉवेल आले ते १९३३ पर्यंत राहिले, नंतर कॉनंट १९५३ पर्यंत. म्हणजे ८४ वर्षांत तीन माणसे. एलियटने विद्यार्थ्याला आपले विषय आपण निवडण्याची मोकळीक दिली. तिला विरोध थोडा झाला नाही, पण विरोधकांपेक्षा अध्यक्ष अधिक काळ टिकला. त्याच ८४ वर्षांत मुंबईच्या कुलगुरूंची नावे सांगू लागलो तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत.

असे का व्हावे? याचे उत्तर जन्मपत्रिकेतच आहे. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना घेतला तो लंडन विद्यापीठाचा, आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. मुंबईनेही तोच कित्ता गिरवला. शिकवायचे ते एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांनी, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या आणि पदव्या द्यायच्या. अशा संस्थेला पुढारी हवा होता कोठे? सभेला अध्यक्ष मिळाला की काम भागे. म्हणून कायद्याने प्रांताचा गव्हर्नर हा पदसिद्ध चान्सलर ठरवला आणि व्हाइस चान्सलर दोन वर्षांसाठी नेमायचा असे ठरले. पहिले व्हाइस चान्सलर सर विल्यम यार्डले हे मुंबईचे सरन्यायाधीश. त्यांच्यानंतरही पुष्कळदा न्यायाधीशच आले. कोर्टाचे काम आटोपून विद्यापीठाच्या सभा चालवाव्यात, असा हा मानाचा कारभार.

येथे शब्दांविषयी थोडे बोलतो. आपण चान्सलरला कुलपती म्हटले आणि व्हाइस चान्सलरला कुलगुरू. जुन्या संस्कृत परंपरेत कुलपती म्हणजे दहा सहस्र शिष्यांना अन्न देऊन शिकवणारा ऋषी. ते नाव आपण राज्यपालांना देऊन बसलो! कुलगुरू हा शब्द मात्र सुंदर आहे. पण ज्याला शिष्यच भेटत नाहीत, फक्त त्यांच्या उत्तरपत्रिका भेटतात, त्याला गुरू म्हणणे हा भाषेचा उदारपणाच म्हटला पाहिजे.

दोन वर्षांच्या या नियमाला मधूनमधून फेरनेमणुकीने अपवाद होई, आणि जेव्हा झाला तेव्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जेम्स गिब्ज १८७० पासून १८७९ पर्यंत होते. चर्चगेटला उतरून मैदानाकडे गेले म्हणजे जी दिमाखदार इमारत समोर दिसते, ती याच काळात पुरी झाली. पदवीदानाचे सभागृह १८७४ मध्ये, राजाबाई मनोरा १८७८ मध्ये. पैसा सर कावसजी जहांगीर आणि शेठ प्रेमचंद रायचंद यांचा. मनोऱ्याला नाव दिले ते प्रेमचंदांच्या मातोश्रींचे. श्रेय दात्यांचे खरे, तथापि खुर्चीवर तेव्हा एकच मनुष्य टिकून होता ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

१८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग कुलगुरू झाले. या पदावरचे ते पहिले हिंदी गृहस्थ. हायकोर्टाचे न्यायमूर्ती, संस्कृताचे गाढे पंडित, आणि वय अवघे चाळिशीचे. सप्टेंबर १८९३ मध्ये ते वारलेही. त्यांच्यामागून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. १८६२ साली या विद्यापीठाचे जे पहिलेवहिले पदवीधर झाले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर भांडारकर होते. ज्याने पहिली परीक्षा दिली तोच विद्यार्थी तीस वर्षांनी परीक्षा घेणाऱ्यांच्या शिरोभागी बसला. एवढ्या तोलाचा विद्वान, पण त्यालाही मिळाली ती दोनच वर्षे. १९१५ साली सर फिरोजशहा मेथांची नेमणूक झाली, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचे देहावसान झाले.

आणि मग सर चिमणलाल सेटलवाड. १९१७ ते १९२९ अशी सलग बारा वर्षे. हा मनुष्य काही फक्त विद्यापीठच पाहत नव्हता. वकिली, जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीचे सभासदत्व, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा, हे सर्व सांभाळून उरलेल्या वेळात कुलगुरुपद. तरीही बारा वर्षे म्हणजे बारा वर्षे. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे अशी मुभा १९०४ च्या कायद्याने दिली होती, ती बराच काळ कागदावरच पडून होती. सेटलवाडांच्या काळात, १९१९ साली, समाजशास्त्राचा विभाग निघाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक, आणि १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. अर्थशास्त्राचे अध्यापनही त्याच सुमारास सुरू झाले. १९२८ साली नवा कायदा होऊन सीनेटमध्ये निवडून आलेल्यांचा भरणा वाढला. नुसत्या परीक्षा घेणारी संस्था शिकवू लागली ती येथून. मला विचाराल तर मुंबई विद्यापीठाची दुसरी स्थापना या बारा वर्षांत झाली.

त्यांच्यानंतर काही वर्षांनी आलेले सर विठ्ठल चंदावरकर १९३३ ते १९३९ होते. त्यांचे वडील सर नारायण गणेश हेही पूर्वी कुलगुरू होते. रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ साली निघाला, आणि पुढे माटुंग्याला त्याची किती कीर्ती झाली हे सांगायला नको. स्वातंत्र्याच्या वर्षी महामहोपाध्याय पां. वा. काणे आले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा हा ऋषितुल्य पंडित १९४९ पर्यंत त्या खुर्चीत होता. त्याच सुमारास पुण्याचे विद्यापीठ निघून डॉ. मुकुंदराव जयकर तेथील पहिले कुलगुरू झाले आणि १९५६ पर्यंत राहिले. उजाड माळावर नवे विद्यापीठ उभारायला पुण्याने एका माणसाला आठ वर्षे दिली.

पुढची कथा आपल्या आठवणीतली आहे. पद पूर्णवेळ झाले, पण न्यायालयाशी असलेले नाते तुटले नाही. देशाचे निवृत्त सरन्यायाधीश गजेंद्रगडकर १९६६ ते १९७१ कुलगुरू होते. १९७४ च्या कायद्यानंतर मुदत तीन वर्षांची होती, १९९४ च्या कायद्याने ती पाच वर्षांची झाली. १९८६ साली डॉ. मेहरू बंगाली या पहिल्या स्त्री कुलगुरू झाल्या. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या कारकीर्दीत, १९९६ साली, विद्यापीठाच्या नावात ‘मुंबई’ आले आणि विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव लागू लागले. हे काम छोटे वाटेल, पण घराघरांत पोहोचले ते हेच.

आज मुंबई शहराबरोबर ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा मुलूख या एका विद्यापीठाकडे आहे. आपले वर्तक महाविद्यालय त्यातलेच. म्हणजे १८५७ च्या कल्पनेतले परीक्षांचे ओझे कमी झाले नाही, शिकवण्याचे ओझे वर चढले, आणि दोन्ही एकाच खुर्चीवर. एलियटला असले ओझे नव्हते. हार्वर्डला दूरदूरच्या शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा घ्याव्या लागत नव्हत्या. ही तुलना करताना तेवढा न्याय मुंबईला दिला पाहिजे.

२०१७ साली विद्यापीठाला १६० वर्षे झाली. त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग एकदम सर्व विद्याशाखांना लागू झाला, आणि निकाल रखडले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. पुढच्या शिक्षणासाठी गुणपत्रिका हवी असलेली मुले ताटकळत राहिली, आणि त्यांत वसई-विरारची मुलेही होती. ऑक्टोबरच्या चोविसाव्या तारखेला राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. ज्या कामासाठी १८५७ साली हे विद्यापीठ काढले होते, त्याच कामावरून.