‘पुणेरी पलटण’ : एका संघनामाचा अर्थेतिहास

खेळाडूंच्या संघाचे टोपणनाव हे शब्दार्थाच्या इतिहासाचे एक उपयुक्त साधन होय. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ‘टार हील्स’, म्हणजे ‘डांबरी टाचांचे’, या नावाने प्रसिद्ध आहे. चिडाच्या झाडापासून डांबर काढणाऱ्या त्या राज्यातील लोकांना हिणवणारा हा शब्द यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात तेथील सैनिकांनी अभिमानाने स्वीकारला. पुढे तोच विद्यापीठाच्या संघांना लाभला.

महाराष्ट्रात असाच सैनिकी वारसा सांगणारे नाव म्हणजे कबड्डीतील ‘पुणेरी पलटण’. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हाच्या आठ संघांत हा एक होता. ‘पाटणा पायरेट्स’, ‘तेलुगू टायटन्स’, ‘बेंगळूरु बुल्स’, ‘दबंग दिल्ली’ या नावांप्रमाणे येथेही अनुप्रास आहे. तथापि केवळ अनुप्रासच साधावयाचा असता, तर ‘पथक’ हा शब्दही उपलब्ध होता. तेव्हा ‘पलटण’ हाच शब्द शोभला, याचे कारण त्याच्या अर्थेतिहासात शोधले पाहिजे.

अठराव्या शतकात युरोपीय पद्धतीची कवायती फौज मराठी राज्यात आली आणि तिच्याबरोबर काही परकीय शब्दही आले. ‘गारदी’ हा फ्रेंच ‘गार्द’शी जोडला जातो, ‘कंपू’ पोर्तुगीज ‘कांपो’पासून आला असे मानतात, ‘पलटण’ इंग्रजी ‘बटॅलियन’चा अपभ्रंश की ‘प्लॅटून’चा, याविषयी मतभेद आहे. या तिन्ही शब्दांचे भवितव्य मात्र भिन्न ठरले. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि पुण्याच्या स्मृतीत तो शब्द कायमचा कलंकित झाला. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयनने उभारलेल्या फौजेच्या संदर्भात आढळणारा ‘कंपू’ आज स्वार्थी टोळक्याचा वाचक आहे. मूळचे घोडदळाचे ‘पथक’ अग्निशमनापासून परीक्षेतील भरारी पथकापर्यंत पोहोचून कार्यालयीन झाले.

‘पलटण’ मात्र घरात शिरली. भोंगवलीसारख्या गावात ‘पोरांची पलटण आली’ असे म्हटले असता कोणाच्याही मनात बंदूक येत नाही; मनात येतो तो गलबला, संख्या आणि आपलेपणा. शिस्त आणि जिव्हाळा हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात टिकून राहिले आहेत. ‘पुणेरी’ या विशेषणाने तर पगडी, जोडा आणि पाटी यांच्या पंक्तीस तिला बसविले.

१ मार्च २०२४ रोजी या संघाने हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळविले. परकीय कवायतीबरोबर आलेला शब्द मराठी मातीतील खेळाचा जयघोष झाला. शब्दाचे मूळ कोठलेही असो, त्याचे कुळ अखेर वापरणारा समाजच ठरवितो.