दुमडीच्या आत

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय, पण खालचा काठ सारखा गुंडाळून वर येतोय. माझं काय चुकतंय?"

तिला म्हटलं, बाई गं, तुझं काही चुकत नाही. तो सुलट विणीचा स्वभावच आहे. एक ओळ सुलट, परतताना उलट, असं विणत गेलं की समोरून गुळगुळीत दिसतं. पण दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे विणीला ताण राहतो. खालचा काठ पुढे वळतो, बाजूचे काठ मागे. त्यावर उपाय म्हणजे रिबची पट्टी. किंवा मग दुमड.

दुमडीची रीत सोपी आहे. पुढे शंभर टाके लागणार असतील तर नव्वदच घालायचे, सुईही एक नंबर बारीक घ्यायची. इंचभर सुलट वीण झाली की वाढवून शंभर करायचे आणि समोरच्या बाजूने एक पूर्ण ओळ उलट विणायची. ती घडीची रेघ. तिथून पुढे नेहमीसारखं. स्वेटर झाला की ती इंचभर पट्टी आत वळवून सैल दोऱ्याने टाचायची. आतले टाके कमी, म्हणून दुमड फुगत नाही. दोरा ओढला तर मात्र काठ चुण्या धरतो आणि अंगाला काचतो.

घडीच्या ओळीत उलट टाक्यांऐवजी 'धागा पुढे, दोन टाके एकत्र' असं केलं तर दुमडल्यावर नाजूक दाते येतात. जर्मन बायका त्यांना 'उंदराचे दात' म्हणतात. फ्रेंचांचा शब्द पिको. हो, आपण साडीला फॉल-पिको करून घेतो ना, तोच हा पिको!

असो. फोन ठेवला आणि मन मात्र काठापाशीच अडकून राहिलं. इतिहासाची शिक्षिका होते, त्यामुळे सवय काही जात नाही.

इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र तयार केलं. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार दिला नाही. हातांनी मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, असं ती म्हणाल्याचं सांगतात. तरी यंत्र पसरलंच. नॉटिंगहॅमशायरच्या गावागावांत माणसं घरी माग ठेवून मोजे विणू लागली. पायाच्या आकाराप्रमाणे टाके कमी-जास्त करत विणलेल्या मोज्याला दोन्हीकडे पक्का, बंद काठ येई. तिथेच कारागिराची इभ्रत होती.

पुढे काही मालकांनी युक्ती काढली. रुंद मागावर सरसकट कापड विणायचं, कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून टाकायचं. माल स्वस्त, वरून दिसायला तसाच. पण कापलेल्या विणीला काठ कुठला? शिवण उसवली की टाके सुटत जात. चांगल्या कारागिरांच्या मालाची पतही त्याबरोबर गेली, मजुरी घसरली. मार्च १८११ मध्ये लोकांनी माग फोडायला सुरुवात केली. हेच ते लुडाइट. १८१२ मध्ये माग फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा आला. कवी लॉर्ड बायरनने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केलं. त्या सभागृहातलं त्याचं ते पहिलंच भाषण. कायदा व्हायचा तो झालाच.

आता कबुली देते. वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं की लुडाइट म्हणजे यंत्राला घाबरलेले अडाणी लोक. एका ओळीत प्रकरण संपवायचे. निवृत्त झाल्यावर सवडीने वाचलं तेव्हा कळलं, की ही माणसं स्वतःच पिढ्यानपिढ्या यंत्रावर काम करणारी होती. नॉटिंगहॅमशायरमध्ये ती दिसेल तो माग फोडत नव्हती. मजुरी कापणारा किंवा असा कापून शिवलेला माल काढणारा मालक शोधून त्याचे माग फोडत होती. त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतं, यंत्राच्या आडून होणाऱ्या लबाडीशी होतं.

आणि ही लबाडी मला चांगली ओळखीची आहे.

१९६२ साली मी सातवीत होते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. आपल्या जवानांकडे हिमालयातल्या थंडीला पुरतील असे कपडे नाहीत, हे घरोघरी बोललं जाऊ लागलं. देशभर बायका विणायला बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं मोठी माणसं अभिमानाने म्हणत. आमच्या शाळेतही लोकर आली, हिरवट खाकी. बिनबाह्यांच्या एका स्वेटरचा पाठीचा भाग माझ्या वाट्याला आला. कमरेला दुहेरी ऊब राहावी म्हणून बाईंनी खाली दुमड घालायला सांगितली होती.

वीतभर विणून झाल्यावर दिसलं, दुमड जिथे टाचायची त्याच उंचीवर एक टाका सुटलाय. टाक्यांची संख्या जुळावी म्हणून मी नकळत वर कुठेतरी एक वाढवलेलाही होता. उसवायला हवं होतं. पण गठ्ठा दुसऱ्या दिवशी जाणार होता आणि सगळ्यांच्या आधी संपवायची हौस! मी तो टाका आत ओढला, दुमडीच्या शिवणीत पकडला, वर दोन गाठी मारल्या. वरून काही कळेना. बाईंनी काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान बसलीय हो दुमड."

त्या शाबासकीने मला रात्रभर झोप लागली नाही. तरी बोलले नाही. स्वेटर गेला.

कुणाला मिळाला असेल? ती गाठ किती दिवस टिकली असेल? दोरा तुटला की तो टाका थेट काठापर्यंत शिडी पाडत जाणार, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. साठ वर्षं उलटून गेली, पण कुणाच्याही स्वेटरचा काठ हातात आला की मी आधी उलटून आत बघते. घरचे हसतात. कारण आज पहिल्यांदाच सांगतेय.

भाचीला संध्याकाळी पुन्हा फोन केला. रीत सगळी सांगितली होती, एक राहिलं होतं. म्हटलं, "दुमड टाचण्याआधी आतली बाजू एकदा उजेडात धर. टाका सुटलेला दिसला तर उसव. बाळ काही पळून जात नाही."

"बरं मावशी," म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही. आता हे वाचून कळेल.